चाकात हवा किती?

पाडवा आला की पुष्कळ घरांत नवी सायकल येते. तिला हळदकुंकू लागते, हँडलला झेंडूची माळ पडते, धाकटी मंडळी तिच्याभोवती प्रदक्षिणा घालतात आणि आजोबा एकदा घंटी वाजवून पाहतात. ब्रेक तपासले जातात, सीटची उंची पाहिली जाते, रंगावरून थोडे रुसवेफुगवेही होतात. चाकात हवा किती भरायची, हे मात्र कोणी विचारीत नाही. दुकानदाराने भरून दिली असेल तेवढी असते. महिना-दीड महिन्यात सायकल ‘जड’ चालू लागते, मुलगा कुरकुर करतो, वडील चेनला तेल घालतात, तरी ती जडच. संक्रांतीच्या सुमारास ती जिन्याखाली जाऊन बसते. शहरातल्या कोणत्याही इमारतीच्या जिन्याखाली डोकावून पाहा. अकाली म्हाताऱ्या झालेल्या पाचसहा सायकली तेथे हमखास सापडतील, आणि त्यांतल्या बहुतेकींना काहीही झालेले नाही, त्या फक्त उपाशी आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हवा किती असावी, असे चारचौघांत विचारले तर मोठी गंमत होते. एक म्हणतो, “दगडासारखी टाइट हवी. बोट दबता कामा नये.” दुसरा म्हणतो, “छे हो, आपल्याकडचे रस्ते बघा! थोडी कमीच बरी.” तिसरा ऋतुमानाप्रमाणे सांगतो, उन्हाळ्यात कमी, पावसाळ्यात जास्त. चौथा जरा शहाणा असतो. तो म्हणतो, “टायरवर छापलेले असते.” पण काय छापलेले असते, ते त्याने वाचलेले नसते. आणि वाचले तरी तेथे बहुधा कमाल मर्यादा असते. या आकड्यापलीकडे जाऊ नका, एवढेच टायर बनवणारा सांगतो. तुमच्या वजनाला किती, हे तो बिचारा कसे सांगणार? तुम्ही किती फराळ केलात, हे त्याला कुठे ठाऊक असते!

मला या प्रश्नाचे धड उत्तर मिळाले ते सोलापूर जिल्ह्यातल्या कुर्डुवाडीला. पंढरपूरला निघालो होतो, आणि पुढच्या गाडीला तीन तास अवकाश होता.

कुर्डुवाडी म्हटले की जुन्या माणसांना अजून ‘बार्शी लाइट’ आठवते. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी ही छोटी गाडी १८९७ मध्ये येथून बार्शीपर्यंत सुरू झाली. त्या काळी स्टेशनाचे नावच ‘बार्शी रोड’ होते. पुढे एका अंगाला लातूर आणि दुसऱ्या अंगाला पंढरपूर, मिरज असा तिचा पसारा वाढला. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी गच्च भरून ती पंढरपूरला जायची. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ती आपल्या ताब्यात घेतली, आणि आता तर या मार्गांवर सगळीकडे मोठे रूळ पडले आहेत. छोटी गाडी गेली, तिच्या आठवणी तेवढ्या राहिल्या.

ही गाडी उभारणाऱ्या एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियराची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विषय सायकलीचा आणि गोष्ट रेल्वेची, असे वाटेल. पण थोडा धीर धरा. कॅल्थ्रॉपचे रूळ हलके होते, यार्डाला अवघे ३० पौंड. मुख्य मार्गावरच्या रुळांपुढे ते काडीसारखे दिसायचे. अशा रुळांवरून जड माल न्यायचा कसा? त्याने विचार केला तो असा. गाडीचे एकूण वजन किती, हे रुळाला कधी कळतच नाही. रुळाला कळते ते फक्त त्या क्षणी अंगावर आलेल्या चाकांच्या एका जोडीचे, म्हणजे एका आसाचे वजन. तेव्हा कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, एवढे सांभाळले की झाले. इंजिन जड आहे ना, मग त्याला आस जास्त द्या. डबा लांब आहे, त्यालाही आस वाढवा. पण कायदा सर्वांना एकच, आसामागे ५ टन. या एका हिशेबावर ती नाजूक दिसणारी गाडी पन्नास-शंभर वर्षे माणसे आणि माल ओढत राहिली.

आता सायकलीकडे या. आपण म्हणतो, ‘माझे वजन ६५ किलो.’ पण सायकलीच्या टायरलाही एकूण वजन कळत नाही. त्याला कळते ते फक्त आपल्या वाट्याचे. आणि गंमत अशी की, कॅल्थ्रॉपने जी समान वाटणी करून ठेवली होती, ती सायकलीत मुळीच नसते.

हे मला प्रथम सांगितले ते स्टेशनाजवळच्या एका सायकल दुरुस्तीवाल्याने. त्यांना सगळे गाव मिस्त्री म्हणते, मीही तेच म्हणतो. वडील रेल्वेच्या कारखान्यात होते. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, बाहेर पाण्याचे घमेले, खिळ्यांना लटकलेले टायर आणि बसायला एक लाकडी खोके. वेळ घालवायला मी त्या खोक्यावर बसलो आणि सहज विचारले, “मिस्त्री, चाकात हवा किती असावी हो?”

“कुठल्या चाकात?” मिस्त्री म्हणाले.

“म्हणजे? सायकलीच्या.”

“मालक, सायकलीला दोन चाकं असत्यात. पुढचं नुसतं वाट दाखवतंय. वझं सगळं मागच्याच्या बोकांडी. दोघांना सारखीच हवा कशी द्यायची?”

हिशेब करून पाहू. साधी काळी, दांड्याची सायकल घ्या. तिचे वजन २० किलोच्या आसपास. त्यावर ६५ किलोचा माणूस. एकूण ८५. माणूस ताठ बसलेला असतो, सीट मागच्या चाकाकडे झुकलेली असते, म्हणून त्यातले सुमारे ५० किलो मागच्या चाकावर आणि ३५ पुढच्यावर पडतात. पौंडांत सांगायचे तर मागे ११० आणि पुढे ७७.

हे ११० पौंड जमिनीवर टेकतात ते टायरच्या एका लहानशा चपट्या डागावर. आतली हवा दर चौरस इंचाला जितक्या पौंडांनी दाबते, त्या हिशेबाने हा डाग लहानमोठा होतो. हवा ५० पौंडांची असेल, तर ११० भागिले ५०, म्हणजे सव्वादोन चौरस इंचांच्या आत. जुने राणीछाप चांदीचे दोन रुपये शेजारी शेजारी ठेवा. तेवढ्या जागेवर तुमचा बहुतेक संसार उभा असतो! पुढच्या चाकाखाली तेवढाच डाग हवा असेल, तर तेथे ३५ पौंड हवा पुरते. दोन्हीकडे ५० भरली, तर पुढचे चाक उगाचच ताठते आणि प्रत्येक खडा मनगटाला कळतो. दोन्हीकडे ३५ भरली, तर मागचे चाक पसरते आणि सायकल चिखलातून चालल्यासारखी वाटते. आपण बहुतेक जण दोन्हीकडे सारखीच भरतो, आणि एका ना एका चाकावर अन्याय करतो.

मिस्त्रींशी हे बोलणे चालले होते, तोच एक बाई सायकल ढकलीत आल्या. मागचे चाक बसलेले. मागोमाग दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा, मान खाली घालून. बाईंनी सायकल घोड्यावर लावली आणि तावातावाने म्हणाल्या, “मिस्त्री, ही तिसरी खेप. ह्यो शेजारचा पोरगा टाचणी मारतोय. रात्री सायकल अंगणात असती, सकाळी बघावं तर चाक खाली.”

मुलगा काही बोलला नाही. मिस्त्रींनी विचारले तेव्हा एवढेच म्हणाला, “आईनं पाठवलंय. म्हणाली, मिस्त्रीला बघू दे. मी केलं असंल तर पैसं आई देणार हाय.”

दोन्ही घरांत पंधरा दिवस बोलणे बंद होते, असे नंतर कळले. एकाच भिंतीची घरे. पाण्याचा नळ एक.

मिस्त्रींनी टायर उचकटला, ट्यूब बाहेर काढली, तिच्यात थोडी हवा मारून ती घमेल्यात बुडवली. बुडबुडे एका जागी नव्हे, दोन जागी आले. जवळजवळ, ट्यूबच्या दोन बगलांना, समोरासमोर. मग त्यांनी ट्यूब फिरवून जुनी ठिगळे दाखवली. तीही जोडीजोडीनेच होती. माझ्या हातात ट्यूब देऊन ते म्हणाले, “मालक, तुम्हीच सांगा. टाचणी कुठनं शिरंल?”

बाहेरून, रस्त्याच्या बाजूने, असे मी म्हणालो.

“आणि भोकं किती पडतील?”

एक.

“मग ही बघा. रस्त्याच्या अंगाला काय न्हाई. दोन्ही चिरा रिमच्या धारेवर. ताई, हे टाचणीचं काम न्हाई. टायर दबून रिमला टेकलाय, अन् मधी ट्यूब चिमटलीय. रिमला दोन धारा, म्हणून चिरा दोन. पोरगी मागं बसती का?”

“रोज शाळेत सोडते की.”

“वाटंत डांबर सोडून खाली उतरावं लागतं?”

त्या भागातला ऊस ज्यांनी हंगामात पाहिला असेल, त्यांना पुढचे सांगायला नको. ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या येतात, सायकलवाल्याला डांबरावरून खाली मुरुमावर उतरावे लागते, आणि ट्रॉली गेली की पुन्हा वर चढताना डांबराची तुटलेली कड चाकाला आडवी येते. ती कड सुरीसारखी असते. पुढचे चाक कसेबसे उडते. मागचे, ओझ्याचे, धाडकन आपटते. चीर बारीक असली तर हवा लगेच जात नाही. बाई घरी पोचतात, सायकल अंगणात लावतात, आणि रात्रभर हवा जात राहते. सकाळी चाक खाली, आणि शेजारी मुलगा!

हिशेब येथेही कॅल्थ्रॉपचाच. बाईंचे वजन ५० किलो धरा. एकट्या असताना मागच्या चाकावर ४० किलो. ४० पौंड हवेत काम भागते. पण मागे २२ किलोची मुलगी बसली की तिचे जवळजवळ सगळे वजन मागच्याच आसावर. ४० चे ६२ झाले. आता हवा लागते ती ६० पौंडांच्या घरात. एकूण वजन तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी वाढले. मागच्या टायरचा भार मात्र दीडपट झाला, आणि त्याला हे कोणी कळवलेच नाही. दुधाच्या किटल्या लावणाऱ्यांचे हेच. दोन किटल्यांत चाळीस लिटर दूध म्हणजे चाळीस किलोंहून जास्त, सगळे मागे. त्या लोकांची मागची चाके तुम्ही पाहिली असतील, नेहमी टणक असतात. ते शिकलेले असोत नसोत, हा धडा त्यांनी रोजच्या पंक्चरवर शिकलेला असतो.

चिरांना ठिगळे लागली. बाई गप्प होत्या. मुलाने ट्यूब पुसायला फडके पुढे केले, पण त्यांच्याकडे पाहिले नाही. मिस्त्रींनी पंप लावला आणि मोजीत हवा भरू लागले. मागे बत्तीस हात, पुढे सोळा. मग बाईंना म्हणाले, “पोरगी मागं असली तर ही. दप्तर हँडलला अडकवा, मागं नको. अन् डांबरावर चढताना पोरीला उतरवा.” टायरवर छापलेल्या मर्यादेच्या आपण अगदी काठाला आलो आहोत, हे त्यांनी बोट ठेवून दाखवले. त्यापुढे हवा नाही, मग ओझेच कमी केले पाहिजे.

बाईंनी पैसे दिले. निघताना मुलाला म्हणाल्या, “घरी पंप हाय. आठ दिवसांनी भरायची म्हणत्यात. मोजशील का?” त्याने मिस्त्रींकडे बघून मान हलवली. मग तोच सायकल धरून पुढे निघाला, बाई मागे.

तेव्हा वाचकहो, कमी हवेने काय होते हे पाहिले. पण म्हणून दगडासारखी हवा भरणाऱ्यांची बाजू खरी ठरते, असे समजू नका. हवेचा टायर जन्माला आला तो मुळी धक्के कमी करण्यासाठी. जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला गुरांचा डॉक्टर. आपल्या मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर दणके खाते, म्हणून १८८८ मध्ये त्याने चाकांना हवेच्या रबरी नळ्या बसवल्या. पुढच्याच वर्षी बेलफास्टच्या शर्यतीत विली ह्यूम नावाचा सायकलस्वार असे फुगीर टायर लावून उतरला आणि भराभर शर्यती जिंकून गेला. तेव्हा लोकांना कळले की, जे मऊ असते ते वेगवानही असू शकते.

आणि लोक ते विसरलेही! पुढे शर्यतवाल्यांची समजूत झाली की टायर जितका बारीक आणि जितका कडक तितका वेग जास्त. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीतले लोक २३ मिलिमीटर रुंदीच्या टायरात शंभर पौंडांच्या वर हवा भरीत. आता तेच लोक २८ मिलिमीटरचे आणि त्याहूनही रुंद टायर वापरतात आणि हवा पुष्कळ कमी ठेवतात. गुळगुळीत लोखंडी पिंपावर टायर फिरवून पाहिला, तर कडक टायर खरेच हलका फिरतो. पण रस्ता म्हणजे पिंप नव्हे. कडक टायर प्रत्येक खड्यावर सायकलीला आणि माणसाला वर उचलतो. हे उचलण्याचे काम फुकट होत नाही, ते तुमच्या मांड्यांतून वसूल होते. अमेरिकेत यान हाइने नावाच्या संपादकाने महामार्गाच्या कडेच्या खाचांवरून (पेंगणाऱ्या ड्रायव्हरला जागे करायला त्या पाडतात) सायकली चालवून किती जोर लागतो ते मोजले. अंग हादरण्यातच माणसाची पुष्कळ शक्ती जाते, असे दिसून आले. आमच्याकडे अशा खाचा मुद्दाम पाडाव्या लागत नाहीत.

म्हणजे फार कमी नको, फार जास्त नको. पण ‘मध्यम’ म्हणजे किती? येथे बहुतेक लोक अंगठा पुढे करतात. टायर दाबून बघायचा, दबला तर कमी, नाही दबला तर ठीक. मिस्त्रींना अंगठा मान्य नाही, आणि मलाही आता नाही. अंगठ्याला हवा कळत नाही, टायरचा जाडपणा कळतो. जाड टायर ३० पौंडांवरही टणक लागतो. शिवाय अंगठ्या-अंगठ्यांतही फरक. हार्मोनियम वाजवणाऱ्याचा वेगळा, कुलपे दुरुस्त करणाऱ्याचा वेगळा.

मोटारीला लावतात तसे दाबाचे घड्याळ लावावे, तर आपल्या साध्या सायकलीला ते चालत नाही. तिच्या व्हॉल्व्हवर एक बारीक रबरी नळी चढवलेली असते, तिला दुकानात वालट्यूब म्हणतात. हवा आत जाताना ही नळी फुगून वाट देते आणि पंप थांबला की घट्ट चिकटते. आतली हवा बाहेर घड्याळापर्यंत येतच नाही, मग घड्याळ दाखवणार काय? मुलांच्या नव्या सायकलींना पुष्कळदा मोटारसायकलीसारखा व्हॉल्व्ह असतो, त्यांना घड्याळ लागते. बाकीच्यांनी काय करावे?

मिस्त्री हात मोजतात. हे अडाणीपणाचे वाटेल, पण त्यात पदार्थविज्ञान आहे. पंपाचा दट्ट्या एकदा खाली गेला की ठरावीक मापाची हवा आत जाते. सायकलीच्या ट्यूबमध्ये जागा जेमतेम दोन-सव्वादोन लिटरांची. उभ्या हातपंपाच्या एका हाताला पाव लिटरच्या वर हवा जाते. म्हणजे रिकाम्या ट्यूबपासून मोजायला सुरुवात केली, तर किती हातांवर किती दाब येतो हे प्रत्येक वेळी जवळजवळ सारखेच असते. शेवटच्या काही हातांना थोडी हवा पंपातच अडकून राहते, ते सोडा. एकदा योग्य आकडा सापडला की तो भिंतीवर लिहून ठेवावा. मात्र पंप तोच हवा. शेजाऱ्याचा पंप आणला तर आकडाही नवा.

आणि तो योग्य आकडा शोधण्यासाठी घरात फूटपट्टी असली की पुरे. अमेरिकेतच फ्रँक बेर्टो नावाच्या इंजिनियराने पुष्कळ टायर मोजून असे सुचवले की, स्वार बसल्यावर टायरची उंची सुमारे शेकडा १५ ने कमी व्हावी. त्याहून जास्त दबला तर हवा कमी, त्याहून कमी दबला तर हवा जास्त. आपल्या दांड्याच्या सायकलीचा टायर दीड इंची. त्याचे शेकडा १५ म्हणजे पाव इंचाला किंचित कमी. एवढेच लक्षात ठेवायचे.

दिवाळीच्या सुटीत हा खेळ करून पाहा. सायकल भिंतीशी सरळ उभी करा. एकाने रिमच्या खालच्या कडेपासून फरशीपर्यंत अंतर मोजावे. मग ज्याची सायकल आहे त्याने भिंतीला हात टेकून, पाय उचलून, रोजच्यासारखे सीटवर बसावे, दप्तर-डबा जे काय असेल ते घेऊन. पुन्हा मोजावे. फरक पाव इंचाच्या जवळ आला की थांबावे. पुढच्या चाकाचे वेगळे, मागच्याचे वेगळे. वडील आणि मुलगा एकच सायकल वापरीत असतील, तर दोघांचे वेगळे मोजा. भरताना जडाचा आकडा धरावा, नाहीतर वडील बसले की ट्यूब चिमटणार. आणि टायरवरची कमाल मर्यादा ओलांडायची नाही, हे फूटपट्टीने काहीही सांगितले तरी.

लहान चाकांच्या, जाड टायरांच्या सायकलींना पाव इंचाचे माप चालणार नाही. दोन इंची टायरला शेकडा १५ म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, थोडा कमी. गणित मुलांनाच करू द्या. शाळेत शेकडेवारी शिकवतात ती कुठेतरी उपयोगी पडली म्हणजे त्यांनाही बरे वाटते.

आता उन्हाळ्याची गोष्ट. सोलापूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा बेचाळिसांच्या वर जातो, आणि ‘उन्हात ट्यूब फुटते’ म्हणून तेथे सर्रास हवा कमी करतात. हवा तापली की दाब वाढतो, हे खरे. पण किती? सकाळी २५ अंशांवर ५० पौंड भरले आणि दुपारी हवा ४५ अंशांवर गेली, तर दाब ५४ च्या आसपास होतो. सायकल उन्हात उभी राहून टायर ६० अंशांपर्यंत तापला, तरी ५८ च्या आत. चांगला टायर यामुळे फुटत नाही. फुटतो तो जुना, कडेला तडे गेलेला, ज्याच्या आतले सूत दिसू लागले आहे तो. किंवा ज्याची कड रिममध्ये नीट बसलेली नाही तो. उन्हात ठिगळाचे सोल्यूशन मऊ होऊन ठिगळ सुटते, तेही फुटल्यासारखेच वाटते. मर्यादेच्या काठाला भरलेली सायकल दुपारी सावलीत लावावी, एवढे पुरे. हवा कमी केल्याने ऊन कमी लागत नाही. उलट मऊ टायर जास्त वाकतो, आणि वाकला की स्वतःच तापतो.

काट्यांचेही तसेच. माळरानावर सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे असतात, त्यांच्यापुढे हवेचे काही चालत नाही. टायर नवा आणि जाड ठेवणे, आणि घरी आल्यावर चाकावरून डोळा फिरवून अडकलेला सराटा आत जाण्यापूर्वी काढणे, एवढाच उपाय. एका भोकाला सराट्यावर खुशाल राग काढा; दोन चिरा दिसल्या तर मात्र सराटा निर्दोष आहे.

पेट्रोल पंपावर हवा भरण्याबद्दल पुष्कळ जण विचारतात. तो कंप्रेसर मोटारीसाठी असतो. मोटारीच्या टायरात कितीतरी पट जागा असते, तेथे एक-दोन सेकंदांत काही बिघडत नाही. सायकलीच्या सव्वादोन लिटरांना एक-दोन सेकंदच फार होतात. मिस्त्रींकडेही आता कंप्रेसर आहे. स्कूटरला ते तो लावतात, सायकलीला हातपंपच.

हवा पुन्हा केव्हा भरायची? नैसर्गिक रबराच्या ट्यूबमधून हवा रोज थोडी थोडी झिरपते, पंक्चर नसले तरी. ब्यूटाइल रबराच्या ट्यूबमधून ती कितीतरी सावकाश जाते. नवी ट्यूब घेताना ब्यूटाइलची मागावी. तरी आठ-पंधरा दिवसांतून एक वार ठरवून भरावीच. वालट्यूब सहा-आठ महिन्यांत चिकट होते किंवा फाटते. ती अगदी क्षुल्लक किमतीला मिळते, चार इंच घरात असू द्यावी. रोज संध्याकाळी चाक खाली बसते आणि पाण्यात बुडवले तर ट्यूबमधून बुडबुडा येत नाही, अशी तक्रार असेल, तर व्हॉल्व्हच्या तोंडाला ओले बोट लावून पाहा.

आणि पंप. जुन्या पद्धतीच्या पंपात दट्ट्याला कातड्याची वाटी असते. ती वाळली की हवा वरच्या वर निसटते, हात मोजूनही हिशेब लागत नाही आणि दोष सायकलीला जातो. वर्षातून दोनदा पंप उघडून तिला तेलाचे चार थेंब द्यावेत. अभ्यंगाच्या वेळी घरात तेल असतेच; पण खोबरेल थंडीत थिजते, तेव्हा शिलाई मशीनचे तेल घालावे.